ब्लीड केला की घट्ट, पुन्हा मऊ

सायकलचा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक मऊ पडला की बहुतेक वर्कशॉपमध्ये एकच उपाय होतो : ब्लीड. बुडबुडे काढायचे, तेल भरायचं, लिव्हर घट्ट लागला की सायकल परत द्यायची. या सायकलचा मागचा ब्रेक माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे असाच ब्लीड होऊन आला होता, तोही एकदा नव्हे. दर वेळी काही दिवस उत्तम, मग लिव्हर हळूहळू हँडलला टेकायला लागायचा. तेल गेलं कुठे, हे कुणीच विचारलं नव्हतं. बंद नळीतलं तेल आटत नाही. कमी झालं म्हणजे बाहेर पडलं, आणि ती वाट शोधल्याशिवाय नवं तेल भरणं म्हणजे गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन दुखणं पुढे ढकलणं. यावरून आमच्या धंद्यातल्या लोकांशी माझं कायम वाजतं.

मालकाने आल्याआल्या सांगितलं, "नळी मी घरी कापलीय." आवाज ओशाळलेला होता. खरं तर ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. नव्या सायकलच्या नळ्या बऱ्याचदा गरजेपेक्षा लांब असतात, हँडलसमोर त्यांचा मोठा वेढा लोंबतो. तो कमी करणं हे हातात सफाई असलेल्या माणसाचं घरचं काम आहे.

मी आधी तेल कोणतं भरलं ते विचारलं. शिमानो आणि मागुराचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, श्रामच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट 5.1 हे वेगळ्या प्रकारचं ब्रेकतेल लागतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की रबरी सील खराब होतात आणि पुढचा सगळा तपास व्यर्थ जातो. इथे तेल बरोबर होतं.

मग लिव्हरजवळचं रबरी टोपण मागे सरकवलं, जोड अल्कोहोलने पुसून कोरडा केला, त्याला टिश्यू गुंडाळला. खाली कॅलिपरवरचे, म्हणजे चाकाजवळ ब्रेकपॅड दाबणाऱ्या भागावरचे, जोडही तसेच पुसून गुंडाळले. लिव्हर दाबून हँडलला बांधला आणि सायकल रात्रभर स्टँडवर ठेवली. सकाळी सगळे टिश्यू कोरडे. इथेच लोक "काही गळत नाही" म्हणून मोकळे होतात.

पण स्टँडवर हँडल सरळ असतं, रस्त्यावर ते वळतं. पुढच्या ब्रेकची नळी हँडल वळलं तरी ताणली जात नाही, कारण तिच्या खालचा चिमटाही (फोर्क) सोबतच वळतो. मागच्या नळीचं एक टोक हँडलवर आणि बाकीची फ्रेममध्ये अडकलेली. या सायकलला मागचा लिव्हर डावीकडे होता. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की डावं टोक पुढे जातं आणि नळी ओढली जाते. वळवलं, तर नळी तारेसारखी ताठ. तसंच धरून लिव्हर जोरात दाबला. थोड्या वेळाने लिव्हरजवळच्या टिश्यूवर तेलाचा डाग उमटला.

ब्लीडनंतर आधी सगळं ठीक का वाटायचं, तेही यातच आलं. लिव्हरमध्ये तेलाचा छोटा साठा असतो. थोडं तेल गळलं तर तो भरून काढतो, लिव्हर तसाच घट्ट राहतो. साठा संपला की हवा आत शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. मग लिव्हर खोल जायला लागतो.

जोड उघडला. नळीचं कापलेलं टोक बघून मला खरोखर आनंद झाला : अगदी काटकोनात, एकही धागा सुटलेला नाही. बार्ब, म्हणजे नळीच्या टोकात आत ठोकायचा छोटा पोकळ तुकडा, नवा आणि तळापर्यंत ठोकलेला. अडचण ऑलिव्हची होती. हे धातूचं छोटं कडं नट आवळताना नळीवर कायमचं चेपतं. आतून बार्ब आधार देतो आणि त्या चेपण्यावर सगळा दाब पेलला जातो. एकदा चेपलेलं ऑलिव्ह पुन्हा तसं बसत नाही. नवं ऑलिव्ह घरंगळून कुठेतरी गेलं म्हणून मालकांनी कापलेल्या तुकड्यावरचं जुनं उचकटून काढून बसवलं होतं. त्याच्या कडेला पकडीचा ओरखडा स्पष्ट होता.

"म्हणजे चूक ऑलिव्हची की नळी आखूड कापल्याची?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवं ऑलिव्ह कदाचित तो ताण सहन करून गेलं असतं. नळी पुरेशी लांब असती तर जुनं ऑलिव्हही कदाचित गळलं नसतं. जोड उघडल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा बसवून तपासता येत नाही.

आखूड नळी वाढवता येत नाही, म्हणून नवी घातली. मापाच्या वेळी त्यांनाच हँडल धरायला लावलं. पूर्ण उजवीकडे वळवूनही नळीला सैल वळण राहील अशी खूण केली, मगच कापली. नवं ऑलिव्ह, नवा बार्ब, नटाला ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना. त्या ब्रेकच्या पुस्तिकेत 5 ते 7 न्यूटन-मीटर दिलाय. टिश्यूची तपासणी पुन्हा केली, या वेळी हँडल दोन्ही बाजूंना वळवून. कोरडा.

जुना तुकडा त्या ऑलिव्हसकट मी मागून घेतला. एखाद्या टाकाऊ ब्रेकवर आधी नुसतं वापरलेलं ऑलिव्ह, मग नव्या ऑलिव्हसह नुसती आखूड नळी, असं वेगवेगळं लावून बघायचंय. तोवर त्यांचा प्रश्न उधारच आहे.