चौथं वचन

लहानपणी एकदा मी धाकट्या भावाच्या वहीवर शाई ओतली आणि दोष मांजरावर ढकलला. शिक्षा म्हणून पप्पांनी मला बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली पहिली तीन वचनं पाठ करायला लावली. मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा. बापाचा आणि आईचा मान राख, म्हणजे तुझं कल्याण होईल. आमच्या घरात शिक्षेचं माप साधारण असंच होतं: लहान गुन्ह्याला वचन, मोठ्याला स्तोत्र. (११९ व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत. तेवढा मोठा गुन्हा माझ्या हातून कधी झाला नाही.)

रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मी उभा राहिलो, तीन वचनं घडाघडा म्हटली आणि त्याच ओघात चौथंही म्हणून टाकलं. बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिडीस आणू नका. आईला एकदम खोकला आला. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेवढं सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले. मी ते मुद्दाम केलं नव्हतं, हे शपथेवर सांगितलं असतं. पण शपथच वाहू नका असंही शास्त्रात आहे, म्हणून राहू द्या.

पुढे स्वतः बाप झाल्यावर कळलं की चौथं वचन राहून जाणं हा काही फक्त आमच्या घरचा प्रकार नव्हता. पोराला छडी द्यावी हे बायबलच्या नीतिसूत्रांमधलं वचन सगळ्या बापांना तोंडपाठ असतं. त्याच इफिसकरांस पत्रातलं 'पती हा पत्नीचं मस्तक आहे' हेही असतं. पण दोनच वचनं पुढे, ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःला दिलं तशी प्रीती पतीनं करावी असं लिहिलंय, तिथे पोचेपर्यंत आम्हाला झोप येते. मस्तक व्हायला सगळे तयार, खांदा व्हायला कुणी नाही. वास्तविक प्रेषित पौलानं हे पत्र लिहिलं त्या काळी रोमी कायद्यात बापाचा अधिकार मुलाच्या जिवापर्यंत पोचत होता. मुलांनी ऐकावं हे तेव्हा कुणालाही पटलं असतं. बापालाच 'सांभाळून वाग' म्हणणं ही नवी गोष्ट होती, आणि नेमकी तीच आपण पाठांतरातून वगळली.

बापानं घरात वचनं सांगावीत, प्रार्थना चालवावी, हे मला मान्य आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तर घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकवा असं म्हटलंय. पण उठताबसता शिकवणाऱ्या बापाकडे पोरं हळूहळू पाठ करू लागतात, हाही अनुभव आहे. अशा वेळी मला मरीयेचा पती योसेफ आठवतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्याला स्वप्नं पडतात, तो उठतो आणि सांगितलेलं करतो. रात्रीच बाळाला आणि आईला घेऊन मिसरची, म्हणजे इजिप्तची, वाट धरतो. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला तेव्हाही "तुझा पिता आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो" असं बोलली ती मरीया. योसेफ शेजारीच उभा असणार, बहुधा दम खात. त्यानंतर त्याचं नाव येतं, तो येत नाही. आणि तरी येशूला गावातले लोक ओळखतात ते 'सुताराचा पुत्र' म्हणूनच. काय काय शिकवलं असेल त्यानं, एक वाक्य न बोलता! निदान लिहून ठेवावं असं एकही नाही.

पप्पाही तसे कमीच बोलत. त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही जसे आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीशी ते थांबले. एरवी ती प्रार्थना आम्ही एका श्वासात संपवायचो. ते थांबले म्हणून सगळेच थांबले, मग पुढे गेले. सकाळी भावाच्या वहीची शाई लागलेली पानं कोरून काढून तिला नवीन पुठ्ठा घातलेला दिसला. माझ्याकडे बघून ते फक्त म्हणाले, "मांजराला सांग."

येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही इतका ऐकलाय की त्यातला बाप दोनदा घराबाहेर येतो हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. पहिल्यांदा तो धावतो, वाटणी उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी. पोरानं माफीचं भाषण वाटेत तयार केलेलं असतं. 'मला मजुरांपैकी एकासारखं ठेवा' हे त्यातलं शेवटचं वाक्य बाप बोलूच देत नाही. ते चित्र सगळ्यांना आवडतं. दुसऱ्यांदा तो बाहेर येतो तो थोरल्यासाठी, रुसून अंगणात उभ्या राहिलेल्या, कधीच न चुकलेल्या मुलासाठी. आत मेजवानी चाललेली, पाहुणे बसलेले, आणि घरचा धनी बाहेर येऊन पोराची मनधरणी करतोय. थोरला आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलंच नाही. मला हा दुसरा फेरा जास्त अवघड वाटतो. धावायला निदान पोर दिसावं लागतं; हे तर घरातच असून हरवलेलं असतं.

परवा आमच्याकडे प्रार्थनेला कन्यारत्न आलं नाही. दुपारी तिला मी जरा जास्तच बोललो होतो, आणि त्यात शास्त्रही ओढलं होतं. तिच्या आईनं दोन हाका मारल्या. मग मी उठलो. तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून काय बोलावं याची जुळवाजुळव केली, दोन वचनं मनात येऊन गेली, आणि दार वाजवलं.

"या, पप्पा," आतून आवाज आला. "पण वचन नको."

"बरं," म्हणालो, आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसलो.