वाढलेली प्रोस्टेट आणि नसबंदी
आमच्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला शौचाला जोर करावा लागत होता आणि विष्ठा फितीसारखी चपटी येत होती, म्हणून आज त्याला पशुवैद्यांकडे नेले. गुदद्वारातून बोटाने तपासून आणि सोनोग्राफी करून त्यांनी प्रोस्टेट (मूत्राशयाजवळची, नरांमध्ये असणारी ग्रंथी) वाढल्याचे निदान केले. नसबंदी न झालेल्या वयस्क नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे ही ग्रंथी फुगत जाते आणि नसबंदीत वृषणे काढल्यावर काही आठवड्यांतच ती आक्रसू लागते, हे ऐकून हायसे वाटले. मात्र प्रोस्टेटच्या कर्करोगापासून ही शस्त्रक्रिया संरक्षण देत नाही. उलट काही अभ्यासांत तो नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये अधिक आढळला आहे. नसबंदी म्हणजे सर्व रोगांवर उतारा, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना (आमच्या घरातही आहेत) हे पचणे अवघड जाईल. सुदैवाने हा कर्करोग कुत्र्यांमध्ये विरळाच. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली आहे.