झाकू, आठवडा सातवा: डोळा बसला

मंडळी, गेल्या खेपेला झाकूचे पाय जोडून वाळत ठेवले होते, तिथपर्यंत सांगितलं होतं. त्याला तीन आठवडे झाले. मधे एकदा सगळं काम पाण्यात गेलं असं वाटलं होतं, पण वाचलं. काल रात्री साडेअकराला डोळा बसवला. झोप लागली नाही मग.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. झाकू म्हणजे 'गंडम' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या शत्रूपक्षाचा लढाऊ रोबोट, आणि हे त्याचं जोडून रंगवायचं प्लास्टिक मॉडेल. १/१४४ स्केलचं 'हाय ग्रेड' प्रकारचं किट आहे, साधा हिरवा झाकू. मालिकेत तो साडेसतरा मीटर उंच, म्हणजे हातात येतो तो जेमतेम बारा सेंटिमीटरचा. आपल्यातल्या बहुतेकांनी हात बसवला तो गंडमवर, म्हणजे नायकाच्या रोबोटवर, त्यामुळे 'एवढे देखणे सूट (हे रोबोट) सोडून हा शिपाईगडी का?' असं मला दर रविवारी आपण जमलो की कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. १९७९ च्या त्या पहिल्या मालिकेत समोरच्या बाजूला राक्षस नव्हते. कारखान्यातून निघालेली, एकसारखी दिसणारी लढाऊ यंत्रं होती आणि त्यांच्या आत घाबरणारी, चिडणारी, घरची आठवण काढणारी माणसं होती. झाकू बघताना मला ती माणसं दिसतात. मालिका तेव्हा चालली नाही. ५२ भागांची ठरलेली, ती ४३ भागांतच जानेवारी १९८० मध्ये आवरती घेतली. पहिलं किट त्यानंतर, जुलै १९८० मध्ये आलं, ३०० येनला. मग पुनःप्रक्षेपण आणि ही किटं, दोघांनी मिळून तिला उचलून धरलं. म्हणजे आपण टेबलावर बसून जे करतो, त्याचा त्या कथेच्या जगण्यात खरोखर वाटा आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता काम. हातांच्या आणि पोटऱ्यांच्या मधोमध जी जोडरेघ दिसते ती घालवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मॉडेल जोडायचा गोंद, म्हणजे पातळ सिमेंट, प्लास्टिकला नुसतं चिकटवत नाही, कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणून दोन्ही अर्धे दाबल्यावर रेघेतून थोडं वितळलेलं प्लास्टिक वर आलं पाहिजे. ते पुसायचं नाही. दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग घासायचं. घासायला पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून 'वॉटर पेपर' आणा. नुसता 'काचपेपर' मागितलात तर सुताराचा लाकडावरचा हातात पडेल. मी ४०० नंबरच्या पेपरने सुरुवात केली, मग ६००, मग १०००, पाण्यात बुडवून. नखाच्या टोकाला रेघ लागेनाशी झाली की काम झालं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, नखावर ठेवा.

रंग नीट बसला. गडद हिरवा, त्यावर प्रत्येक पत्र्याच्या मधे जरासा फिका. आणि मग त्या शनिवारी मी घाई केली.

दुपारपासून पाऊस धरलेला होता. मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक घालवणाऱ्या पारदर्शक लॅकरचा, एक हात मारला की रविवारी सगळ्यांना दाखवता येईल, म्हणून संध्याकाळीच एअरब्रश काढला. पाच मिनिटांत उजव्या खांद्यावरच्या ढालीवर पांढुरकी झाक आली, चहा गाळताना चष्म्यावर वाफ धरते तशी. वाटलं वाळली की जाईल. वाळली तशी आणखी पांढरी झाली. छातीवर तर बारीक बारीक खळगे पडले होते, मोहरीच्या दाण्याएवढे सहा-सात. दीड महिन्याचं काम समोर आणि मी हातात टॉर्च धरून बघत बसलो होतो.

पांढरं का होतं ते आधी वाचलेलं होतं. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत दमटपणा असला की त्या थंड थरात पाणी धरतं. तापकीर गल्लीतून आणलेला छोटा आर्द्रता मोजायचा डबा टेबलावरच होता. त्या वेळी त्यावर ८८ टक्के होतं. मी बघितलंच नव्हतं. पण खळगे कशाने पडले ते कळेना.

कळलं ते कसब्यात. आमच्या घरचा गणपती ज्यांच्याकडून येतो ते मूर्तिकार काका लहानपणापासून ओळखीचे आहेत. मूर्ती ठरवायला गेलो तेव्हा शेडमध्ये त्यांचा स्प्रे चालू होता. बाहेर पाऊस, आत रंग, आणि एकाही मूर्तीवर डाग नाही. मी खिशातून ती ढाल आणि छातीचा तुकडा काढून दाखवला. काकांनी चष्मा वर केला, तुकडा उजेडाकडे तिरका धरला आणि विचारलं, "टाकी सोडली होतीस का?"

"म्हणजे?"

ते उठले, कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी फिरवली. फस्स करून हवा आली आणि तिच्याबरोबर गढूळ पाणी, चांगलं अर्धा फुलपात्र. "सकाळीच सोडलं होतं. पावसाळ्यात दिवसातून दोनदा सोडावं लागतं बाबा. हवा दाबली की पाणी सुटतं. तेच तुझ्या रंगात थुंकलंय. आणि पाऊस पडत असताना वॉर्निश मारू नये. दुपारी बारा ते तीनच्या मधे उघडीप बघ, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी."

माझ्या एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला टाकी नाही, हवेतलं पाणी अडवणारा अंगठ्याएवढा वॉटर ट्रॅप आहे. घरी येऊन बघितलं तर तो काठोकाठ भरलेला. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लहान कॉम्प्रेसर आहे त्यांनी हे वाचून आधी तो उघडून बघा. दर वीस मिनिटांनी रिकामा करा. मी आता फोनवर गजर लावतो.

दुरुस्ती अशी केली. चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली, काटा ६४ वर होता. ग्लॉस क्लिअरमध्ये, म्हणजे चकचकीत पारदर्शक लॅकरमध्ये, थोडं रिटार्डर घालून, म्हणजे थिनर सावकाश उडेल असं करून, ढालीवर ओलसर हात मारला. पांढरी झाक डोळ्यांदेखत विरघळली आणि खालून हिरवा परत वर आला. छातीचे खळगे मात्र १५०० च्या पेपरने घासून पुन्हा रंगवावे लागले. मग याच ग्लॉसवर रेघा भरल्या, म्हणजे पत्र्यांमधल्या खाचांत गडद रंग सोडला. मॅटवर रेघा भरू नका, रंग खरबरीत थरात मुरतो आणि पुसला जात नाही. जास्तीचा रंग पुसायला इनॅमल थिनर इअरबडवर अगदी थोडं घ्या; सांध्यात घुसलं तर ताणाखाली असलेलं प्लास्टिक तडकतं.

झाकूला मळकट करण्यावरून रविवारी जोरात वाद झाला. वारज्याच्या मित्राचं म्हणणं, "अरे, एवढी स्वच्छ फिनिश आली आणि तू चिखल लावणार?" त्याचे सगळे सूट शोरूममधून आणल्यासारखे चकचकीत असतात आणि ते काम सोपं नाही, हे मी मानतो. पण झाकू जमिनीवर चालणारा आहे. त्याचे पाय नवे कोरे दिसले तर तो कुठे गेलाच नाही असं वाटतं.

माती मी बाहेरची मागवली नाही. दिवाळीच्या किल्ल्याला लावून उरलेला गेरू घरात होता. गेरूला रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि गंज दाखवायला मिळणाऱ्या महागड्या पावडरींतही तोच असतो. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला, कोरड्या ब्रशने घोट्यांपासून खाली लावला, पाऊल जिथे टेकतं तिथे जास्त. एक लक्षात ठेवा: वरून मॅट मारला की पावडर निम्मी दिसेनाशी होते, म्हणून आधी वाटतं त्याच्या दुप्पट लावायची. कडांना ६बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळली. खांद्याच्या काट्यांवर ती पूड बसल्यावर जो लोखंडी रंग आला, तो मला या संपूर्ण किटमधला सगळ्यात आवडता भाग वाटतो. शेवटचा मॅट दुपारी दीडला, ट्रॅप रिकामा करून. एकही डाग नाही.

राहिला होता डोळा, झाकूचा एकुलता एक. किटमध्ये स्टिकर येतो, पण तो सपाट असतो, बाजूने बघितलं की मेलेला दिसतो. तुळशीबागेत टिकल्या-बांगड्यांच्या दुकानात दोन मिलिमीटरचे गुलाबी खडे मिळाले, मागून चंदेरी, वीस रुपयांना पान. दुकानातल्या ताईंनी विचारलं, "ब्लाउजवर लावायचेत का?" मी सांगितलं रोबोटचा डोळा आहे, तर त्यांनी पान परत घेतलं आणि एकसारख्या रंगाचं दुसरं शोधून दिलं.

चिकटवायला इन्स्टंट ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने खड्यावर पांढरं धरतं. साधं फेविकॉल, टाचणीच्या टोकावर राहील एवढं. काकांना आखणी करताना मी अनेकदा बघितलंय. मूर्तीचे डोळे ते सगळ्यात शेवटी करतात. करंगळी मूर्तीच्या गालाजवळ टेकवतात, कुंचला उचलला की शेडमधलं बोलणं आपोआप थांबतं, आणि रेघ संपेपर्यंत श्वास नाही. मीही करंगळी झाकूच्या छातीवर टेकवली. टूथपिकचं टोक ओलं करून खडा उचलला, पट्टीतल्या काळ्या खाचेत ठेवला, आणि अर्ध्या मिलिमीटरने डावीकडे सरकवला. समोर बघणारा झाकू आज्ञेची वाट बघत असल्यासारखा वाटतो. डावीकडे बघणाऱ्याला काहीतरी दिसलंय.

वरचा दिवा बंद केला, फक्त टेबललॅम्प ठेवला. शिरस्त्राणाच्या सावलीत तो गुलाबी ठिपका लागला. आईने दारातून डोकावून विचारलं, "झाला का तुझा?" मी तिला टेबलाजवळ बोलावलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा त्या खिडकीकडे काय बघतोय?"

तळ अजून व्हायचाय. रविवारी आणतो.