मुलाची दहावी आणि माझं बी.ए.

मुलाच्या दहावीच्या वर्षात आईनं स्वतःचं शिक्षण सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मुलगा दहावीत असताना मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बी.ए.ला प्रवेश घेतला. त्याच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होत नाही का, असं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्याच वयाच्या बायका विचारतात. बऱ्याचजणींना स्वतःलाही शिकायचं असतं, हे मला कळतं.

माझ्यामुळे त्याचे मार्क वाढले, असं मी म्हणणार नाही. पण अडलं की काय करायचं, हे तो शिकला. पूर्वी गणित सुटलं नाही की वही मिटायचा. माझं अर्थशास्त्राचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडं असतं. न कळलेल्या ओळीशेजारी मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते, उलगडलं की खोडते. हळूहळू त्याच्या वहीच्या समासातही तशी प्रश्नचिन्हं दिसू लागली. मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मोठ्यांनाही अडतं, हे मुलांना घरात फारसं दिसतच नाही. आपल्याला येतं तेवढंच आपण त्यांच्यासमोर मांडतो.

सांख्यिकीतला मध्यक तर मला त्यानंच शिकवला.

"आई, आकडे चढत्या क्रमानं लाव आणि मधला घे."

"सरासरी असताना मधला कशाला?"

तो गप्प झाला. पुस्तक घेऊन आत गेला आणि झोपायच्या वेळी येऊन म्हणाला, "नऊ जणांचा पगार दहा हजार आणि एकाचा दहा लाख असेल, तर सरासरी लाखाच्या वर जाते. तेवढा पगार कुणालाच नाही!" पाठ केलेली व्याख्या त्याला त्या दिवशी खरी समजली.

वेळ मात्र कुठून तरी काढावाच लागतो. जून आणि डिसेंबरच्या परीक्षा आल्या की त्याचे बाबा स्वयंपाकघर सांभाळतात. घरातून असा हात मिळत नसेल, तर बाईला नुसतं 'शीक' म्हणण्यात अर्थ नाही.

आणि वयाचं म्हणाल, तर बडोद्यात तरी कुणी उशिराची लाज बाळगू नये. सयाजीराव महाराज १८७५ साली इथल्या गादीवर दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचं शिक्षण खरं सुरू झालं ते त्यानंतर. त्यांनीच १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

तेव्हा मुलाची दहावी संपायची वाट बघू नका. इग्नूचे प्रवेश जुलै आणि जानेवारी, अशा दोन सत्रांसाठी होतात. माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं आता लागत नाहीत, हवी असतील तर घेऊन जा.