मधला पत्रा

आमच्या प्रयोगशाळेतल्या सतरा नंबरच्या माकडिणीला पिंजरे सांभाळणारे आमचे मामा 'आक्का' म्हणतात. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, चार बोटं रुंद असा एक पट्टा आहे. तिथे केस उगवत नाहीत. जखम भरत आली की ती पुन्हा तिथेच चावते. मलम लावून उपयोग नसतो, ते ती पाच मिनिटांत चाटून साफ करते. मी रुजू झाले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आज चौदाची आहे. या सहा वर्षांतल्या प्रत्येक मासिक तपासणीच्या कागदावर माझ्या सहीच्या वर 'प्रकृती ठीक' असं लिहिलेलं आहे.

मी प्रयोगशाळेतल्या माकडांची डॉक्टर आहे. लाल तोंडाची माकडं, ऱ्हीसस. प्रयोग व्हावेत की नाही यावर वाद घालणारे लग्नाच्या पंगतीतही भेटतात. ही माकडं आज रात्री कशी झोपणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आत जाताना गाऊन, दुहेरी हातमोजे, तोंडावर शील्ड. बी व्हायरस त्यांच्या अंगात गुपचूप राहतो, त्यांना फारसं काही होत नाही, माणसाच्या मेंदूत गेला तर जीव घेतो. उलट आपला क्षय त्यांना झटकन लागतो. म्हणून त्यांच्या पापणीत ट्युबरक्युलिनचं, म्हणजे क्षयाच्या चाचणीचं, इंजेक्शन द्यायचं आणि तीन दिवस रोज पापणी सुजली का ते बघायचं. बाकी सगळं साफसफाई, वजन, नोंदी.

आक्का नऊ वर्षं एकटी होती, तीही खालच्या रांगेत. दुमजली पिंजऱ्यांत खालच्या रांगेवर वरच्याची सावली पडते, उजेड जेमतेम पोचतो. शिवाय घाबरलं की वर चढायचं, हे माकडाच्या हाडात असतं. खालच्या पिंजऱ्यात वर चढून जाणार कुठे? आणि समोर उभा राहणारा प्रत्येक माणूस त्याच्यापेक्षा उंच. पिंजरे विकत घेणाऱ्यांनी जागेचा हिशोब केला, माकडाच्या नजरेचा केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती एकटी का, हे शोधायला मी या वर्षी जुनी फाइल काढली. नऊ वर्षांपूर्वीची एकच ओळ सापडली: 'जोडीदाराशी मारामारी, कान फाटला, वेगळी केली.' त्यानंतर पुन्हा प्रयत्न केल्याची नोंदच नाही. एका सकाळच्या भांडणावर नऊ वर्षं.

खरं तर एकट्या माकडाला जोडीदार कसा द्यायचा ते जगाला केव्हाच कळलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीससच्या पिल्लांना आईपासून तोडून एकेकटं वाढवलं. ती पिल्लं अंग झुलवत बसायची, स्वतःला चावायची, हे तिथेच नोंदवलं गेलं. त्याच गावच्या प्रायमेट सेंटरमध्ये, म्हणजे माकडांवरच्या संशोधन केंद्रात, पुढे व्हिक्टर राइनहार्ट या पशुवैद्यकांनी एकट्या पडलेल्या प्रौढ ऱ्हीससच्या जोड्या कशा लावायच्या ते दाखवून दिलं. मारामारी होते ती मोठं कोण हे ठरवायला. ते अंगाला हात न लावता ठरू द्या, मग मधला पडदा काढा. 1985 मध्ये अमेरिकेच्या कायद्यात माकडांच्या मानसिक स्वास्थ्याची जबाबदारीसुद्धा आली.

आक्काच्या जोडीला आम्ही पाच वर्षांची बारकी निवडली. दोन जोड-पिंजरे वरच्या रांगेत लावले, दोघींनाही नवे. एकीच्या घरात दुसरीला सोडलं की पहिली हक्क सांगते, म्हणून. मधला पोलादी पत्रा काढून बारीक जाळी घातली. चौथ्या दिवशी बारकीने आक्काकडे बघून दात विचकले, पाठ फिरवली, मागची बाजू दाखवली. घाटात गाडी थांबवून वेफर्स टाकणारे लोक यालाच 'बघा, हसतंय' म्हणतात. ते हसणं नसतं. 'तू मोठी, मला मारू नको' असं ते सांगणं असतं. उलटं एकदाही झालं नाही, म्हणजे ठरलं होतं.

सोमवारी सकाळी जाळी काढायची होती. रात्री मला झोप नव्हती. केटामाइन, म्हणजे गुंगीचं औषध, भरून ठेवलं, पाण्याचा पाइप जोडून ठेवला, मामा पत्रा हातात धरून उभे. केळी दोन्ही टोकांना वेगवेगळी ठेवली, कारण एकच ढीग म्हणजे भांडणाला आमंत्रण. 9 वाजून 40 मिनिटांनी जाळी सरकवली.

काहीच झालं नाही. बारकीने गालाच्या पिशव्या भरून घेतल्या. आक्का भिंतीकडे तोंड करून बसली, केळ्याला शिवलीसुद्धा नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग तिने डावा हात तोंडात घातला आणि चावली. कातडी ताणली गेलेली मला दिसली. माझा हात पत्र्याच्या मुठीकडे गेला.

"थांबा मॅडम," मामा म्हणाले. "ती येतीय."

बारकी ओठ चटचट वाजवत, बुड घासत पुढे सरकली. एकदा मागे गेली, पुन्हा आली. आक्काच्या पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले आणि साफ करायला लागली. नऊ वर्षांत त्या पाठीवर दुसऱ्या माकडाचं बोट फिरलं नव्हतं. आक्का ताठ झाली. हात अजून तोंडातच, पण जबडा हलायचा थांबला होता. बराच वेळ तो हात तसाच नुसता दातांत धरलेला राहिला. मग खाली आला. साडेअकराच्या सुमारास ती पोटावर आडवी पडली आणि बगल वर केली, तिथेही कर म्हणून.

मामांना सगळं आधी कळतं. कुठलंही शिक्षण न घेता त्यांनी बारकीला दाण्यांवर शिकवून ठेवलंय: 'पाय' म्हटलं की ती गजातून पाय बाहेर देते, मी रक्त घेते. पिंजऱ्याची मागची भिंत ओढून दाबून धरावं लागत नाही. तरी पगारवाढीच्या यादीत अशा माणसाचं नाव सगळ्यात खाली असतं.

आमच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञांना जोडी नको होती. म्हणाले, आकडे बदलतील. बदलणारच. भेदरलेल्या माकडाचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढलेलं असतं, पांढऱ्या पेशींचं प्रमाण बिघडलेलं असतं. नऊ वर्षं आपण तेच आकडे 'सामान्य' म्हणून छापतोय का, असं मी समितीत विचारलं. उत्तर मिळालं नाही, जोडी मात्र राहिली.

अडलंय ते बुधवारी. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं असतं, एकीचं खाणं दुसरीने खाऊ नये म्हणून रात्री दोघींना वेगळं करतात. पहिल्या बुधवारी पोलादी पत्रा घातला. सकाळी हात रक्ताळलेला. भांडून मी पत्र्याऐवजी जाळी मंजूर करून घेतली. आता दोघी जाळीला टेकून झोपतात. तरीही गेल्या चार बुधवारांपैकी दोनदा आक्का चावली, एकदा तर जाळी पुरती बसायच्या आधीच.

मामांच्या मते तो खाचेत सरकण्याचा आवाज आहे. पत्रा असो की जाळी, लोखंडावर लोखंड तसंच करकरतं. नऊ वर्षांपूर्वी भांडणाच्या वेळीही तसाच पत्रा खाली आला असणार. मला वाटतं, ती उपाशी ठेवण्याची वेळ ओळखते, कारण संध्याकाळचे चणे आले नाहीत की तिची येरझार सुरू होते. या बुधवारी खाचेला बाहेरून रबर लावलंय, चणे मात्र मिळणार नाहीत. आठ वाजता मी आणि मामा वही घेऊन बसतोय.