काळी चार ते काळी एक

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असे पत्र हाती पडले आणि माझ्या कानात सर्वप्रथम आला तो गाण्याच्या बाईंच्या पेटीचा भाता, ज्याच्या फाटलेल्या घडीला बाईंनी खळीने कापडाची पट्टी चिकटवली होती.

मी नववीत होतो. १५ ऑगस्टच्या समूहगीतात एक ओळ मला एकट्याला होती आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जाताच माझा आवाज फुटला. पटांगण हसले. बाईंनी भात्यावरचा हात थांबू न देता ती ओळ स्वतः उचलली आणि सगळ्या मुलांना पुढच्या अंतऱ्यात घेतले. शाळा सुटल्यावर जिन्याखालच्या गाण्याच्या खोलीत मला समोर बसवून त्यांनी काळी चारपासून, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुरापासून, एकेक पट्टी (‘सा’ धरायचा सूर) उतरत मला ‘सा’ लावायला सांगितला आणि काळी एकला माझा घसा मोकळा झाला, तेव्हा एवढेच म्हणाल्या, “आवाज फुटलाय, गेलेला नाही. आता सहा महिने गायचं नाही, ऐकायचं.” स्वरयंत्र वाढत असताना ताणलेला आवाज कायमचा दुखावू शकतो, हे त्या जाणून होत्या. त्याच दिवसांत त्यांनी मला आपल्या नाशिकात १९२१ साली जन्मलेल्या शास्त्रीय गायक द. वि. पलुसकरांविषयी सांगितले. १९३१ साली त्यांचे वडील पंडित विष्णु दिगंबर गेले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा असलेला हा मुलगा पुढे वडिलांच्याच शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकून उभा राहिला, हे ऐकून मला फार धीर आला.

पुढे गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे, मग मुंबई, जाहिरातींची गाणी. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, चित्रपटाबाहेरच्या गाण्यालाही कॅसेट कंपन्या विचारू लागल्या आणि माझी पहिली पॉप कॅसेट निघाली. ती घेऊन मी बाईंच्या पंचवटीतल्या घरी गेलो. गिटार आणि ड्रमच्या त्या गाण्यांना त्या नाके मुरडतील अशी मला भीती होती; पण दोन्ही बाजू शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, “काळी एकच ना?” कॅसेटचा जमाना सरला, तरी कोणत्याही स्टुडिओत मी पहिल्यांदा पट्टी ठरवतो, मग शब्दांकडे वळतो.

बाई आज नाहीत. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून आलो, तेव्हा आठवीतला एक मुलगा तयार ट्रॅकवर गात होता. ट्रॅक कुण्या मोठ्या गायकाच्या पट्टीतला होता. पोराच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि ती पट्टी त्याच्यासाठी उतरवावी हे कुणालाच सुचले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले. कार्यक्रमानंतर मी त्याला जवळ बोलावले आणि पेटी मागितली, तर शाळेत आता पेटीच नाही असे कळले.

या महोत्सवानिमित्त शाळेला एक पेटी देण्याची माझी इच्छा आहे. ती बाईंच्या जिन्याखालच्या खोलीतच ठेवावी आणि त्या मुलाला एकदा तिच्यासमोर बसवावे, एवढी विनंती आहे.