स्की पँट: शिवणीचं विचारा, आकड्याचं नंतर

गुलमर्गच्या स्कीइंग कोर्ससाठी खरेदी करताना थर्मल, हातमोजे, गॉगल पटकन उरकतात. पँट अडकते ती एका साध्या प्रश्नावर: "हिच्या सगळ्या शिवणी आतून टेप केल्यात की मोजक्याच?" मी दुकानात विचारलं, कस्टमर केअरला फोन करून विचारलं, मेलवर लिहूनही विचारलं. सगळीकडून उत्तर एकच: "सर, 10,000 एमएम वॉटरप्रूफ आहे." अहो, ते लेबलवर छापलंच आहे!

हा आकडा नुसत्या कापडाचा असतो. कापडाचा तुकडा यंत्रात घट्ट धरून एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की त्या वेळचा दाब पाण्याच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये मांडतात. त्या तुकड्याला शिवण नसते. पँटला असते, आणि शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. ती बुजवायला आतून टेप गरम करून चिकटवतात. 'फुली टेप्ड' म्हणजे सगळ्या शिवणींवर टेप. 'क्रिटिकली टेप्ड' म्हणजे बनवणाऱ्याला महत्त्वाच्या वाटल्या तेवढ्यांवर, आणि त्या कुठल्या हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नुसतं 'सीम सील्ड' लिहिलेलं असेल तर खोदून विचाराच.

एवढा आटापिटा कशाला? उभ्या माणसावर पडणाऱ्या बर्फाचा दाब किरकोळ असतो. पण ओल्या चेअरलिफ्टवर बसलात की सगळा भार बैठकीच्या शिवणीवर येतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, नीट करायला गुडघा टेकला की तिथेही तेच. नवशिके तर ढुंगणावरच जास्त पडतात.

आता खरी मेख. अस्तर असलेल्या पँटमध्ये या शिवणी दिसतच नाहीत. एका दुकानात पँट उलटी करून बघू लागलो, तर "माल खराब होईल" म्हणून हातातून काढून घेतली. तरी बघायच्या वाटा आहेत. पायाच्या टोकाशी बुटावर चढणारी इलास्टिकची आतली बाही असते, तिच्या आणि बाहेरच्या कापडाच्या मधून मोबाइलचा टॉर्च मारा. पायाच्या आतल्या बाजूच्या शिवणीवर बोटभर रुंद, गुळगुळीत पट्टी वरपर्यंत गेलेली दिसली तर बहुधा बाकीच्या शिवणीही टेप केलेल्या आहेत. मोजक्याच शिवणी टेप करणारे ती सोडण्याची शक्यता जास्त. मग बैठकीची शिवण अस्तरासकट चिमटीत धरा. टेप असेल तर ती सपाट आणि थोडी कडक लागते. नसेल तर आत दुमडलेल्या कापडाची मोकळी कड बोटाखाली सरकते. मात्र वरून दुहेरी टीप मारली असेल तर चिमटीवर विसंबू नका, कारण ती कडही दबलेली असते. तीन थर एकत्र चिकटवलेल्या, सुटं अस्तर नसलेल्या पँटला ही कटकटच नाही, आत डोकावलं की सगळं दिसतं. महाग असते, पण निदान उत्तर तरी मिळतं.

ऑनलाइन घेणार असाल तर आतल्या बाजूचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की मी ती पँट यादीतून काढतो.

दमटपणा बाहेर टाकण्याच्या आकड्यालाही फार भाव देऊ नका. चौरस मीटरमागे 24 तासांत इतके ग्रॅम वाफ, असा तो असतो, पण चाचणीच्या पद्धती वेगवेगळ्या आणि त्यांची उत्तरंही वेगळी. त्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. 'आरईटी', म्हणजे वाफेला कापडाचा किती अडथळा होतो तो आकडा, दिलेला असेल तर तो बघा. तो जितका कमी तितकं बरं, 6 च्या आत उत्तम, 20 च्या वर घाम आतच राहतो. त्याहून मोठं काम मांडीच्या आतल्या झिपा करतात. कोर्समध्ये सुरुवातीला स्की लावूनच उतार चढावा लागतो, तेव्हा त्या उघडायच्या. झिपेमागे जाळी हवी, नाहीतर पडल्यावर बर्फ आत. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचा पीव्हीसी रेनसूट इथे चालत नाही. चढताना आत घाम साचतो आणि थांबलात की त्याच घामाने कुडकुडता.

उबेसाठी आत सिंथेटिक कापूस भरलेली पँट की नुसती शेल, म्हणजे काही न भरलेली? मी शेलच सांगेन. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आणि गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा 3,950 च्या आसपास, त्यात अफरवत शिखराचा वारा. आतलं थर्मल बदलता येतं, भरलेला कापूस काढता येत नाही. जानेवारीतला कोरडा बर्फ झटकला की जातो, तिथे सगळ्या शिवणी टेप असलेली 10,000 एमएमची पँट पुरते. मार्चमधल्या दुपारच्या पाणेरी बर्फासाठी 20,000 एमएमची बघा.

माप घेताना आत थर्मल घाला आणि पूर्ण उकिडवे बसा. कंबर मागे खाली सरकली किंवा गुडघ्यावर कापड ताणलं तर एक माप मोठी घ्या. स्की बूट जाडजूड असतात, म्हणून पायाच्या टोकाशी घेर वाढवणारी झिप आहे का बघा. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड, चिवट कापडाचा तुकडा हवाच, नाहीतर दुसऱ्या स्कीची धार पँट फाडते.

आणि हो, वरून थेंब ओघळायचे थांबून कापड ओलं दिसू लागलं की पँट गळतेय असं लगेच समजू नका. बहुधा पाणी ओघळून टाकणारा वरचा लेप मळलेला असतो. कापड भिजलं की वाफ बाहेर पडत नाही आणि आतला घामच पाण्यासारखा लागतो. सौम्य लिक्विडने धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर मध्ये सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. तरीही थेंब ओघळत नसतील तर लेपाचा स्प्रे मिळतो, तो धुतलेल्या पँटवरच मारायचा.